सुट्या मातीची वाट आणि पुढचा टायर : पर्वतीय सायकलीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात सायकलीला गेल्या काही दशकांत मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर या अभ्यासकांनी १९८४ साली तंत्रज्ञानाच्या सामाजिक घडणीविषयीचा आपला सिद्धान्त मांडताना सायकलीचेच उदाहरण निवडले. त्यांच्या विवेचनात हवा भरलेल्या टायरला विशेष महत्त्व आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे तयार केलेला टायर हा प्रथम हादरे कमी करणारे साधन म्हणून पुढे आला. शर्यतीत भाग घेणाऱ्यांना त्याची गरज वाटत नव्हती आणि त्याचे जाडजूड रूप तर अनेकांना हास्यास्पद वाटे. परंतु १८८९ साली विली ह्यूम या सायकलपटूने याच टायरवर बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या आणि हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. हादरे शोषणारी वस्तू ही वेग देणारी वस्तू ठरली. वस्तू तीच होती. तिचा अर्थ बदलला होता.

पिंच आणि बायकर यांचे विवेचन येथे थांबते. परंतु टायरचा इतिहास येथे संपत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला तिसरा अर्थ प्राप्त झाला, तो म्हणजे पकड. हा अर्थ कॅलिफोर्नियातील कोरड्या, सुट्या मातीच्या उतारांवर घडला आणि तो पूर्णपणे उलगडण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. कारण पकडीचा प्रश्न हा दोन्ही चाकांचा सारखाच प्रश्न नाही, तो प्रामुख्याने पुढच्या चाकाचा आहे, ही गोष्ट स्वारांना शरीराने लवकर कळली, तरी वस्तूच्या रचनेत उतरण्यास फार विलंब झाला. हा विलंब का झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पुढच्या चाकाचे वेगळेपण

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी मूळ प्रश्न समजून घेणे आवश्यक आहे. मार्गावर पडलेली सुटी माती अनेक प्रकारची असते. भुसभुशीत खोल माती, बारीक खडी, कोरडी धूळ हे तर प्रकार आहेतच. पण सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कडक, दबलेल्या जमिनीवर पसरलेला सुट्या कणांचा पातळ थर. नव्याने टाकलेल्या, पण नीट न दाबलेल्या मुरमाच्या रस्त्यावर उतारात ब्रेक दाबण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. वरचे खडे छर्ऱ्यांसारखे घरंगळतात आणि चाकाला खालची घट्ट जमीन सापडतच नाही.

अशा वाटेवर मागचे चाक घसरले तर सायकलीचा मागचा भाग बाजूला सरकतो; स्वार सावध असेल तर तो तोल सावरतो. काही कुशल स्वार तर मागचे चाक हेतुपुरस्सर घसरवून वळण घेतात. पुढचे चाक घसरले तर मात्र सावरण्यास अवधी मिळत नाही. सायकलीचा तोल हँडलच्या सूक्ष्म हालचालींनी राखला जातो, आणि ज्या चाकाने तोल सांभाळावयाचा तेच जमिनीवरून निसटले की स्वार जमिनीवर येतो. दोन्ही चाकांच्या चुकीची शिक्षा सारखी नाही. या एका विषमतेत पुढच्या टायरच्या निवडीचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

भाराची वाटणीही येथे विचारात घ्यावी लागते. सपाट वाटेवर बसून सायकल चालविताना स्वाराचा अधिक भार मागच्या चाकावर असतो. त्यामुळे टायरच्या घरंगळण्यास होणाऱ्या विरोधाचा मोठा वाटा मागच्या टायरकडून येतो. उतारावर ब्रेक लावताच मात्र भार पुढे सरकतो आणि वेग कमी करण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाकडे जाते. यातून व्यवहारात एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. पुढे अधिक रुंद, अधिक उंच ठोकळ्यांचा, मऊ रबराचा आणि म्हणून काहीसा संथ टायर बसविला, तरी वेगाचे नुकसान तुलनेने थोडे होते. मऊ रबर लवकर झिजते हे खरे. पण पॅडलचा जोर पुढच्या चाकावर येत नसल्याने तेथे ते मागच्यापेक्षा अधिक काळ टिकते.

आज हे तर्कशास्त्र सायकलीच्या दुकानातील कोणताही जाणकार सांगेल. ते १९७६ साली कोणालाच अवगत नव्हते असे मानणे चूक ठरेल. मग त्यानुसार टायर का तयार झाले नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

उसनवारीचा टायर

पर्वतीय सायकलीचा पहिला टायर पर्वतासाठी तयार झालेला नव्हता. शिकागो येथील श्विन कंपनीने १९३३ साली अमेरिकेत २६ इंच व्यासाचा आणि सव्वादोन इंचांस थोडा कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीचा तथाकथित ‘बलून’ टायर सायकलीवर आणला. फ्रँक श्विन यांनी अशा रुंद टायरची कल्पना युरोपातून उचलली होती. महामंदीच्या काळात अमेरिकेतील सायकलीचे ग्राहक प्रामुख्याने मुले होती. ती सायकल पदपथाच्या कडांवर आपटत, खड्ड्यांतून नेत, तिच्यावरून घरोघर वर्तमानपत्रे टाकत. अरुंद टायर या छळापुढे टिकत नसे. बलून टायर टिकला. येथे टायरचा अर्थ पुन्हा हादरे शोषणारी, दणकट वस्तू असा होता. पकडीचा विचार त्यात नव्हता.

खडबडीत वाटेने सायकल नेण्याचे प्रयत्न याच्याही आधीचे आहेत. अमेरिकी सैन्याच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांनी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली १८९७ साली मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला येथून सेंट लुईसपर्यंत सुमारे १९०० मैलांचा प्रवास सायकलीने केला. चिखलाने त्यांना किती जेरीस आणले, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. जॉन फिनली स्कॉट यांनी १९५३ साली श्विनच्या सांगाड्यावर बलून टायर, सरळ हँडल आणि अनेक गिअर बसवून रानवाटांसाठी एक सायकल सिद्ध केली. आज ती पर्वतीय सायकलच वाटते; पण तिला अनुयायी लाभले नाहीत. एकट्याने केलेला प्रयोग आणि समूहाने स्वीकारलेली वस्तू यांत हेच अंतर असते.

रीपॅकचा उतार

हा समूह १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यात निर्माण झाला. टॅमलपायस पर्वताच्या परिसरातील तरुण जुन्या बाजारातून श्विन एक्सेलसियरसारख्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या सायकली थोड्या डॉलरांत विकत घेत आणि वणवे विझविण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडत. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत; आपण ज्याला खटारा म्हणतो, तोच भाव.

या परिसराचे हवामान लक्षात घेणे येथे अगत्याचे आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. महिनोन्‌महिने पाऊस नसल्याने कच्च्या रस्त्याचा पृष्ठभाग सुटतो. खाली कडक जमीन आणि वर धूळ व खडे अशी स्थिती निर्माण होते. वर वर्णन केलेला सुट्या मातीचा फसवा प्रकार तो हाच. पर्वतीय सायकल इंग्लंडच्या चिखलात जन्मली असती, तर तिचा टायर निराळा झाला असता, हे विधान केवळ कल्पनाविलास नाही. त्याचा पुरावा पुढे येणारच आहे.

फेअरफॅक्स गावाबाहेरील कॅस्केड दरीत उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत रस्ता सुमारे १३०० फूट खाली येतो. सायकलींना उलटे पॅडल मारून लावावयाचा ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधील ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच उताराला रीपॅक हे नाव पडले. पहिल्या शर्यतीत अॅलन बाँड्स विजयी झाले. ते सर्वांत वेगवान होते म्हणून नव्हे, तर न पडता खाली पोहोचणारे ते एकटेच होते. या एका घटनेत सुट्या मातीचा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो, तितका कोणत्याही सिद्धान्तात दिसणार नाही. पुढे गॅरी फिशर यांनी ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम नोंदविला. जो ब्रीझ त्यांच्यापेक्षा दोन सेकंदांनी मागे राहिले.

या मंडळींनी पुढे काय केले, हे सुपरिचित आहे. जो ब्रीझ यांनी १९७७ साली पर्वतीय वापरासाठीच नवा सांगाडा घडविला; त्या मालिकेतील पहिली सायकल आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चार्ली केली आणि गॅरी फिशर यांनी १९७९ साली ‘माउंटनबाइक्स’ या नावाने व्यवसाय सुरू केला आणि टॉम रिची यांनी त्यांच्यासाठी सांगाडे जोडले. स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१ साली स्टम्पजम्पर बाजारात आणली आणि पर्वतीय सायकल मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची वस्तू झाली. इतिहासकारांमध्ये आणि स्वतः या मंडळींमध्येही ‘पहिला शोधक कोण’ या प्रश्नावर भरपूर वाद झाला आहे. फ्रँक बर्टो यांनी १९९९ साली ‘द बर्थ ऑफ डर्ट’ या ग्रंथात या दाव्यांची छाननी केली.

या सर्व वादात सांगाड्याला जे स्थान मिळाले, ते टायरला मिळाले नाही. याचे एक कारण अगदी साधे आहे. सांगाडा टिकतो, टायर झिजतो, फेकला जातो, आणि कोणी जपून ठेवलाच तर त्याचे रबर कडक होऊन तडकते. संग्रहालयात जे उरते त्याचा इतिहास लिहिला जातो.

आधी टायर, मग सांगाडा

वस्तुतः क्रम उलटा होता. मॅरिनच्या तरुणांनी एक्सेलसियरची निवड केली ती तिच्या सांगाड्यात बलून टायर मावत होता म्हणून. ब्रीझ यांचा नवा सांगाडाही २६ इंची, २.१२५ रुंदीच्या टायरभोवतीच आखलेला होता. युनिरॉयलचा ठोकळेदार टायर त्या काळी स्वारांच्या पसंतीचा होता. तो जड होता, पण सुट्या मातीत रुतणारे ठोकळे त्याला होते. पुढे हलक्या मिश्रधातूची २६ इंची रिम आणि पातळ भिंतीचे हलके टायर उपलब्ध झाले, तेव्हा कुठे ही सायकल चढावरही चालविता येण्याजोगी झाली.

येथे इंग्लंडमधील जेफ अॅप्स यांचे उदाहरण बोलके ठरते. चिल्टर्न टेकड्यांच्या ओल्या चिखलात फिरणाऱ्या अॅप्स यांनी स्वतंत्रपणे आपली पर्वतीय सायकल विकसित केली. तिला त्यांनी फिनलंडमधील नोकिया कंपनीचे बर्फासाठी बनविलेले, मोठ्या व्यासाचे टायर बसविले होते. होय, पुढे मोबाइल दूरध्वनीमुळे भारतात घरोघर पोहोचलेली नोकिया ती हीच. त्या काळी ती रबराच्या वस्तूही बनवीत असे. अॅप्स यांनी हे टायर कॅलिफोर्नियात केली आणि फिशर यांच्याकडे पाठविले आणि ते तेथे पसंतही पडले. परंतु त्यांचा नियमित पुरवठा होऊ शकला नाही, आणि मोठ्या चाकाचा पर्याय मागे पडला. जवळजवळ दोन दशकांनंतर, १९९९ साली, डब्ल्यूटीबी कंपनीने नॅनोरॅप्टर हा रुंद टायर आणला, तेव्हाच २९ इंची पर्वतीय सायकल व्यवहारात आली. दोन्ही वेळा सांगाडा बांधणारे तयार होते; अडले होते ते टायरपाशी.

लुथ्ये, हर्श्टाट आणि फॉन हिप्पेल या संशोधकांनी २००५ साली पर्वतीय सायकलीच्या उदाहरणावरून असे दाखविले की, नवनिर्मिती करणारे अनेकदा वापरकर्तेच असतात आणि ती ते आपल्या जवळच्या अनुभवातून करतात. सांगाडा, हँडल, ब्रेक यांबाबत हे पूर्णतः पटते. गॅरेजमध्ये नळ्या जोडून सांगाडा करता येतो. टायरला मात्र साचा लागतो, उष्णता आणि दाबाखाली रबर पक्के करणारी यंत्रे लागतात, आणि साचा परवडण्याइतकी विक्री लागते. रबर कारखान्याबाहेरच्या माणसाला टायर घडविणे शक्य नसते. तो दोनच गोष्टी करू शकतो : उपलब्ध टायरांतून निवड करणे आणि निवडलेल्या टायरचे ठोकळे सुरीने कापणे. उतारशर्यतींतील स्वार चिखलासाठीच्या टायरचे उंच ठोकळे कापून ते आखूड करीत आले आहेत, हे या संदर्भात लक्षणीय आहे. टायरच्या बाबतीत निवड हीच वापरकर्त्याची निर्मिती होती. पुढच्या टायरला स्वतंत्र रूप मिळण्यास विलंब झाला त्याचे प्रमुख कारण येथे सापडते. स्वाराला फरक कळत होता, पण एकाच साच्यातून निघालेला टायर दोन्ही चाकांना विकणे कारखान्याच्या सोयीचे होते.

जोडीचे विभाजन

पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळी कामे करतात, ही कल्पना यांत्रिक जगात नवी नव्हती. अॅलिस-चामर्स कंपनीने १९३२ साली हवेच्या टायरचा ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान टायरवर परिघाला समांतर उंचवट्याच्या धारा आणि मागच्या मोठ्या टायरवर तिरके जाड दांडे ही रचना आज कोणत्याही शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. पुढच्याने दिशा राखावी, मागच्याने ओढावे. परंतु ट्रॅक्टर वळताना कलत नाही, सायकल कलते. म्हणून सायकलीच्या पुढच्या टायरला केवळ मधली धार पुरत नाही. कललेल्या अवस्थेत जमिनीत रुतणारे काठावरचे ठोकळे हेच तिचे खरे आधार असतात.

१९८०च्या दशकातील टायर बहुधा दोन्ही चाकांना सारखेच बसविले जात. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी जपानी पॅनारेसर कंपनीचे डार्ट आणि स्मोक हे जोडटायर लोकप्रिय झाले. पुढच्या डार्टवर बाणाच्या टोकासारखे ठोकळे, तर मागच्या स्मोकवर वल्ह्यासारखे आडवे ठोकळे होते. डब्ल्यूटीबीच्या व्हेलोसिरॅप्टरचीही पुढची आणि मागची आवृत्ती वेगळी विकली जात असे. हा बदल नेमका याच काळात का झाला, याचे उत्तर टायरबाहेर शोधावे लागते. १९९० साली अमेरिकेतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ साली अॅटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. बाजार इतका वाढला की दोन साच्यांचा खर्च भागू लागला. दुसरीकडे, १९८९च्या सुमारास रॉकशॉक्सचा हादरे शोषणारा पुढचा फोर्क आला. फोर्कने हादरे पेलल्यावर टायरला त्या कामातून काहीशी सुटका मिळाली आणि पकड हेच त्याचे मुख्य काम ठरले. डनलॉप यांनी ज्या कामासाठी टायर पुढे आणला, ते काम शंभर वर्षांनी त्याच्याकडून अंशतः काढून घेण्यात आले.

१९९९ साली माव्हिक, मिशलिन आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी पर्वतीय सायकलीसाठी ट्यूबविरहित पद्धत आणली. हवेचा दाब कमी ठेवला की टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि खडबडीत पृष्ठभागाचा आकार घेतो. पण कमी दाबावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन पंक्चर होते. ट्यूबच नाहीशी झाल्यावर हा अडथळा दूर झाला. यानंतर पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवण्याचा प्रघात अधिक निर्धास्तपणे पाळता येऊ लागला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी तैवानच्या मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ हा टायर आला. त्याच्या नावातील शेवटचे अक्षर ‘पुढचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पुढच्या चाकाचे वेगळेपण आता थेट नावात आले. काठावरचे भक्कम ठोकळे आणि मधले ठोकळे यांच्यामध्ये त्यात एक मोकळा पट्टा आहे. पूर्ण कललेल्या सायकलीला हा टायर घट्ट धरून ठेवतो. मात्र सरळ अवस्थेतून कलत्या अवस्थेत जाताना या मोकळ्या पट्ट्यावर क्षणभर पकड सुटल्यासारखी वाटते. अनुभवी स्वार सायकल धीटपणे झुकवून तो क्षण ओलांडतो. नवखा स्वार घाबरून अर्धवट कलतो आणि नेमका तेथेच अडकतो. दक्षिण आफ्रिकेचे विश्वविजेते ग्रेग मिनार यांच्या सहभागाने २०१८ साली तयार झालेल्या असेगाय या टायरमध्ये हा पट्टा मधल्या ठोकळ्यांनी भरून काढण्यात आला. झुलू योद्ध्यांच्या भाल्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. पकड सलग झाली, पण टायर अधिक संथ झाला.

ही तडजोड सर्वत्र सारखी लागू पडत नाही. खोल, भुसभुशीत मातीत विरळ आणि उंच ठोकळे उत्तम रुततात. कडक जमिनीवरील पातळ सुट्या थरावर मात्र फार उंच ठोकळे खाली रुतू शकत नाहीत आणि वळणात दुमडतात. तेथे मध्यम उंचीचे, पायाशी रुंद ठोकळे अधिक विश्वासार्ह ठरतात. रीपॅकच्या रस्त्यावर १९७६ साली जी स्थिती होती, तिच्यासाठी आजच्या दुकानातही एकच निर्विवाद उत्तर मिळत नाही.

मॅक्सिसनेच मागच्या चाकासाठी मिनियन डीएचआर हा टायर काढला आणि त्याची दुसरी आवृत्ती आणली. तिच्या नावातील शेवटचे अक्षर ‘मागचा’ असे सांगते. तरीही सुट्या मातीत उतरणाऱ्या अनेक स्वारांनी ब्रेक लावताना मिळणाऱ्या पकडीसाठी हाच टायर पुढे बसविला आणि पुढचा म्हणून विकला जाणारा डीएचएफ मागे नेला. दोन साच्यांचा खर्च करून कारखान्याने घातलेली ही विभागणी स्वारांनी आपल्या वाटेवरील मातीकडे पाहून पुन्हा उलटी केली.